मोगरा ओळखावा कसा, लावावा कसा?



मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. मग फुलझाडांवर लिहायला मी कसा काय बसलो, असे तुम्हाला वाटेल. त्याचे कारण माझी एक चूक आहे. चुकीतून शिकलेले सहसा विसरत नाही, म्हणून त्या चुकीपासूनच सुरुवात करतो.

काही वर्षांपूर्वी मोहोळमध्ये आमच्या घरापुढच्या अंगणात मोगरा लावायचे ठरले. आईला पूजेला आणि गजऱ्याला घरची फुले हवी होती. हातगाडीवर रोपे विकणाऱ्या एकाकडून ‘मोगरा’ म्हणून मी रोप घेतले. त्याला एक फूल होते. रंग पांढरा, पाकळ्या भरपूर, वासही गोड. आणखी काय पाहायचे? आमच्या भागात उन्हाळ्यात पाणी किती जपून वापरावे लागते हे सोलापूर जिल्ह्यातल्या मुलांना सांगायला नको. भाजी धुतलेले, तांदूळ धुतलेले पाणी साठवून आम्ही दोन उन्हाळे ते रोप जगवले.

रोप जगले, आणि नको तितके वाढले! अंगणात जागोजागी त्याचे फुटवे जमिनीतून वर येऊ लागले. एक उपटावा तर हातभर अंतरावर दुसरा हजर. फुलेही आली, पण ती फांदीच्या टोकाला गड्ड्यासारखी एकत्र दाटलेली होती. पाकळ्यांवर गुलाबी झाक होती. गजरा काही त्यांचा होईना. शेवटी एक फूल रुमालात गुंडाळून मी आमच्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांकडे गेलो. त्यांनी फुलाकडे नीट पाहिलेसुद्धा नाही. म्हणाले, “सर, नुसतं फूल काय आणलंत? पानांसकट फांदी आणा.”

दुसऱ्या दिवशी फांदी नेली. त्यांनी एक पान चुरडून माझ्या नाकाशी धरले. उग्र, नकोसा दर्प आला. “हा मोगराच नव्हे,” ते म्हणाले. ते झाड होते क्लेरोडेंड्रम चायनेन्स. त्याला आपल्याकडे ‘हजारी मोगरा’ म्हणतात, पण ते तुळशीच्या कुळातले आहे. खऱ्या मोगऱ्याशी त्याचे जवळचे नाते नाही. दोन उन्हाळ्यांचे पाणी मी भलत्याच झाडाला घातले होते!

नाव आणि वास, दोन्ही फसवे

रोपे विकणारा खोटे बोलला होता असे मी म्हणणार नाही. त्याच्या बोलीत ते झाडही ‘मोगरा’च. गंमत अशी की, खऱ्या मोगऱ्याच्या पुष्कळ पाकळ्यांच्या जातीलाही काही ठिकाणी ‘हजारी मोगरा’ म्हणतात. एका नावाची दोन झाडे, तशीच एका झाडाची दोन नावेही असतात. आपण जिला जाई म्हणतो, तिलाच हिंदीत चमेली म्हणतात. म्हणून शास्त्रज्ञ प्रत्येक वनस्पतीला जगभर चालेल असे एक शास्त्रीय नाव देतात. मोगऱ्याचे शास्त्रीय नाव जस्मिनम सॅम्बॅक.

वासाचेही तसेच आहे. पांढरे, रात्री उमलणारे, सुवासिक फूल अनेक कुळांत आढळते. रात्री उडणाऱ्या पतंगांना अंधारात फूल सापडावे, यासाठी पांढरा रंग आणि दूर जाणारा वास या दोन खुणा उपयोगी पडतात. आमच्या गावाचे नाव मोहोळ, म्हणजे मधमाश्यांचे पोळे. पण मधमाश्या दिवसा काम करणाऱ्या, आणि या फुलांची गिऱ्हाइके रात्रीची! एकच गरज असली की वेगवेगळ्या कुळांतली फुले एकमेकांसारखी दिसू लागतात. म्हणून केवळ फुलावरून नाते ठरवू नये.

या सारखेपणाने मोठमोठ्यांनाही चकवले आहे. आधुनिक वर्गीकरणाचा पाया घालणारे कार्ल लिनीअस यांनी १७५३ साली ‘स्पीशीज प्लँटॅरम’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी मोगरा आणि पारिजातक ही दोन्ही झाडे ‘निक्टॅन्थस’ या एकाच प्रजातीत, म्हणजे एकाच गटात घातली. निक्टॅन्थस या शब्दाचा अर्थच ‘रात्रीचे फूल’. पुढे १७८९ साली इंग्लंडमधील क्यू उद्यानाचे विल्यम एटन यांच्या ग्रंथात मोगरा जाई-जुईच्या ‘जस्मिनम’ प्रजातीत गेला, आणि पारिजातक निक्टॅन्थसमध्ये राहिला. आज दोघांचे कूळ एक मानतात, प्रजाती मात्र वेगळी. लिनीअसला दुरुस्त करावे लागले, तेव्हा माझ्या चुकीचे फारसे वाईट वाटून घेऊ नका!

ओळखण्याची किल्ली

आता आपण ओळखायला शिकू. त्यासाठी फूल लागत नाही. म्हणजे रोप घेतानाच, फुले येण्याआधी, चूक टळू शकते. पानांसकट एक लहान फांदी हातात घ्या आणि क्रमाने पुढील प्रश्न विचारा. एक सूचना आधीच देतो. कोणत्याही झाडाचे पान, फूल किंवा फळ चाखून पाहू नका. रातराणीची फळे विषारी असतात, आणि कण्हेर तर मुळापासून फुलापर्यंत विषारी आहे.

पहिला प्रश्न : पान तोडल्यावर पांढरा चीक येतो का? येत असेल तर ते झाड मोगरा नाही. बहुधा तगर असेल. तगरीच्या फुलाच्या पाकळ्या भिरभिऱ्यासारख्या एका बाजूला वळलेल्या असतात. चीक हाताला लागला तर हात साबणाने धुवा, डोळ्यांना लावू नका.

दुसरा प्रश्न : पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक? फांदीवर जिथे पान फुटते त्या गाठीला पेर म्हणतात. एका पेरावर दोन पाने समोरासमोर असतील तर त्या मांडणीला संमुख म्हणतात. एका पेरावर एकच पान आणि पुढच्या पेरावर दुसऱ्या बाजूला दुसरे, ही एकांतरित मांडणी. मोगरा, जाई, जुई, कुंद यांची पाने संमुख असतात. रातराणीची पाने एकांतरित, लांबट आणि टोकदार. ती वांगी-बटाट्याच्या कुळातली आहे. कुंतीची, म्हणजेच कामिनीची पानेही एकांतरित, पण प्रत्येक पान लहान लहान पर्णिकांचे बनलेले. ते चुरडले तर लिंबाच्या पानाची आठवण होते, कारण कुंती लिंबू-संत्र्याच्या कुळातली.

तिसरा प्रश्न : पान साधे आहे की संयुक्त? पाने संमुख असतील तर हे पाहा. एका देठावर पाच ते अकरा पर्णिका पिसासारख्या मांडलेल्या असतील तर ती जाई. एक मोठी पर्णिका आणि तिच्या बुडाशी दोन अगदी चिमुकल्या पर्णिका, कानाच्या पाळ्यांसारख्या, दिसल्या तर ती जुई. जुईच्या ‘जस्मिनम ऑरिक्युलॅटम’ या नावात लॅटिन भाषेतला हा ‘कान’च आहे.

चौथा प्रश्न : पाने संमुख आणि साधी असतील तर त्यांचा स्पर्श कसा आहे? आता पाच उमेदवार उरतात.

१. पान रुंद, गुळगुळीत, गर्द हिरवे आणि कडा अखंड. हा मोगरा. फूल किंवा कळी असेल तर तिच्या बुडाशी पाहा. हिरवी, दोऱ्यासारखी बारीक अशी सहसा आठ-नऊ निदले दिसतील. ती या झाडाची मोठी खूण आहे.

२. कोवळ्या फांदीवर आणि पानावर मऊ लव, फुले मुख्यतः थंडीत, आणि वास अगदी मंद. हा कुंद.

३. पान खरखरीत, जणू पॉलिश कागद, आणि कोवळी फांदी चौकोनी. हा पारिजातक. फुलाचा केशरी देठ तर सर्वांनाच ठाऊक आहे.

४. पान चकचकीत, कधी कधी एका पेरावर तीन पाने, आणि दोन देठांच्या मधे पेराला चिकटलेले लहानसे पातळ आवरण. हा अनंत. त्याचे फूल पांढरे उमलते आणि जुने होताना पिवळसर पडते. तो कॉफीच्या कुळातला आहे.

५. पान तळहाताएवढे मोठे, लवदार, कडा दातेरी, आणि चुरडल्यास उग्र दर्प. हा आमचा हजारी मोगरा!

चारच प्रश्न. ते मला आधी ठाऊक असते तर हातगाडीपाशी अर्ध्या मिनिटात उलगडा झाला असता.

आधी ओळख, मग कलम

ओळखीवर एवढा भर देण्याचे आणखी एक कारण आहे. आपल्या भागातले मुख्य पीक ज्वारी. ‘मालदांडी ३५-१’ ही प्रसिद्ध ज्वारी आपल्या मोहोळच्याच संशोधन केंद्रावर निवडीने तयार झाली. ज्वारी बियांपासून येते. बियांपासून आलेल्या रोपांत थोडाफार फरक असतो, म्हणून तर त्यांतून चांगले ते निवडता येते. बागेतल्या मोगऱ्याला मात्र बी क्वचितच धरते. तो फांदीपासून वाढवतात. फांदीपासून आलेले रोप हे मूळ झाडाची हुबेहूब नक्कल असते. बटमोगऱ्याच्या फांदीपासून बटमोगराच येणार, आणि एकेरी मोगऱ्याच्या फांदीपासून एकेरीच. मूळ झाड चुकीचे निवडले, तर त्याची शंभर कलमे केली तरी शंभरही चुकीचीच!

माणसाने मोगरा असाच फांद्यांवाटे देशोदेशी नेला. फिलिपीन्समध्ये त्याला ‘सांपागिता’ म्हणतात. १९३४ पासून ते त्या देशाचे राष्ट्रीय फूल आहे. इंडोनेशियानेही १९९० साली त्याला राष्ट्रीय फुलाचा मान दिला. चीनमध्ये त्याच्या कळ्यांनी चहा सुगंधित करतात. आपल्या देशात मदुराईच्या मोगऱ्याला २०१३ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

कलम कसे करावे?

जून ते ऑगस्ट हा काळ उत्तम. हवेत ओलावा असतो आणि ऊन सौम्य असते. ओळख पटलेल्या झाडाची, फार कोवळी नाही आणि फार जून नाही अशी फांदी निवडा. सुमारे १५ सेंटिमीटर लांबीचा, तीन-चार पेरे असलेला तुकडा धारदार कात्रीने कापा. खालचा काप पेराच्या लगेच खाली द्या, कारण मुळे बहुधा पेरापाशी फुटतात. खालची पाने काढून टाका, वरची दोनच ठेवा. तळाला भोक असलेल्या कुंडीत अर्धी वाळू आणि अर्धी माती घालून त्यात दोन पेरे पुरा. पाणी घाला आणि कुंडी सावलीत ठेवा.

आता इथे थोडे विज्ञान. पानांतून सतत पाण्याची वाफ बाहेर पडत असते. झाडाला मुळे असतात, म्हणून ही तूट भरून निघते. आपल्या तुकड्याला मुळे नाहीत. आवक बंद आणि खर्च चालू! म्हणूनच बहुतेक पाने काढायची, आणि उरलेल्यांभोवतीची हवा दमट ठेवायची. प्लॅस्टिकच्या बाटलीचा तळ कापून ती तुकड्यावर पालथी घाला. आतली हवा बाष्पाने भरते, आणि पानांतून पाणी उडण्याचा वेग कमी होतो. दिवसातून एकदा बाटलीचे झाकण थोडा वेळ उघडा. साधारण महिना-दीड महिन्यात नवी पालवी फुटू लागते आणि तुकडा हलकेच ओढून पाहिला तर तो धरून ठेवल्यासारखा वाटतो. मग बाटली काढा आणि रोपाला हळूहळू उन्हाची सवय लावा.

आपल्या मातीत, आपल्या उन्हात

आपली काळी माती पाणी धरून ठेवते. ज्वारीला ते वरदान आहे, पण मोगऱ्याच्या मुळांशी पाणी साचून राहिले तर ती कुजतात. म्हणून दीड फूट लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन त्यात माती, वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत समभाग भरा. जागा अशी निवडा की दिवसातून निदान पाच-सहा तास ऊन मिळेल. सावलीतला मोगरा नुसता पानांनी माजतो, फुलत नाही.

पाणी वाचवण्यासाठी आम्ही एक जुना उपाय केला. भाजलेल्या मातीचे एक लहान मडके रोपापासून वीतभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरले, त्यात पाणी भरले आणि वर झाकण ठेवले. मडक्याच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी झिरपते. भोवतालची माती कोरडी असली की ते जास्त ओढले जाते, ओली असली की कमी. म्हणजे किती पाणी द्यायचे ते मातीच ठरवते! शिवाय वरचा पृष्ठभाग कोरडा राहिल्याने उन्हात पाणी वाया जात नाही. बुंध्याभोवती वाळलेला पाला पसरला तर आणखी चांगले.

पाने पिवळी पण शिरा हिरव्या, असे दिसले तर पाणी वाढवू नका. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही ते झाडाला घेता येत नाही, याची ही खूण असते. शेणखत वाढवा, आणि मोठ्या माणसांच्या मदतीने एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस विरघळवून पानांवर फवारा.

शेवटची गोष्ट छाटणीची. मोगऱ्याची फुले नव्या फुटीवर येतात. म्हणून डिसेंबरमध्ये पाणी तोडून झाडाला विश्रांती द्या, आणि मग ते निम्म्या उंचीवर छाटा. जीव कळवळतो खरा, पण छाटाच. जानेवारीच्या अखेरीस खत-पाणी सुरू केले की नवी फूट येते, आणि मार्चपासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत कळ्या मिळतात.

वास अंगणभर कसा पोहोचतो?

आता थोडा वेळ माझ्या विषयाकडे वळू. मोगऱ्याच्या वासात बेंझिल अ‍ॅसिटेट, लिनॅलूल असे अनेक पदार्थ असतात. बेंझिल अ‍ॅसिटेट उकळते दोनशे अंश सेल्सिअसपेक्षाही जास्त तापमानाला. मग फूल न उकळता वास कसा सुटतो? दोरीवरचे ओले कपडे न उकळता वाळतात ना, तसाच! पृष्ठभागावरचे काही रेणू नेहमीच निसटून हवेत जात असतात.

उन्हाळ्यातल्या तापमानाला बेंझिल अ‍ॅसिटेटच्या रेणूचा वेग सेकंदाला सुमारे २२० मीटर भरतो. मग तुम्ही म्हणाल, वास निमिषात घरात यायला हवा. पण हवेच्या रेणूंशी त्याच्या इतक्या टकरी होतात की तो जत्रेच्या गर्दीत सापडलेल्या पोरासारखा इकडून तिकडे ढकलला जातो. याला विसरण म्हणतात. विसरणाचा नियम असा : अंतर दुप्पट झाले तर वेळ चौपट लागतो. अगदी स्थिर हवेत १० सेंटिमीटर जायला अंदाजे पाव तास लागतो असे धरा. ३ मीटर म्हणजे अंतर ३० पट, म्हणून वेळ ३० × ३० म्हणजे ९०० पट. गणित करून पाहा. उत्तर येते नऊ दिवसांहून अधिक! मोगऱ्याचे फूल तोवर सुकूनही जाईल. म्हणजे आपल्यापर्यंत वास येतो तो मुख्यतः विसरणाने नव्हे, तर वाऱ्याच्या झुळकीबरोबर.

मग तो संध्याकाळीच का दरवळतो? एक कारण झाडाचे. कळ्या संध्याकाळी उमलतात आणि वास तेव्हा सोडतात. दुसरे कारण हवेचे. दुपारी तापलेली जमीन हवेला तापवते, ती हवा वर चढते आणि वास वर नेऊन विरळ करते. संध्याकाळी जमीन निवते, जवळची हवा थंड होऊन खालीच राहते, आणि मंद झुळकीबरोबर वास अंगणातच रेंगाळतो.

करून पाहा

१. एकाच झाडाची, एकाच लांबीची सहा कलमे घ्या. तीन बाटलीखाली ठेवा, तीन उघडी. दर आठवड्याला हिरवी किती राहिली याची नोंद करा.

२. संध्याकाळी चार वाजता मोगऱ्याची टपोरी कळी ओल्या कापसावर ठेवा. रात्री दहापर्यंत दर अर्ध्या तासाने ती किती उमलली आणि वास कधी जाणवू लागला ते लिहून ठेवा.

३. तुमच्या गल्लीतली किंवा शाळेच्या आवारातली पाच पांढऱ्या फुलांची झाडे वरील चार प्रश्न विचारून ओळखा. लोक सांगतात ते नाव आणि तुम्ही ठरवलेले नाव शेजारी शेजारी लिहा. कुठे फरक पडला?

आमच्या अंगणातला हजारी मोगरा मुळांसकट काढायला पुढे वर्षभर लागले. मग शेजारच्या काकूंच्या झाडापासून मी सहा कलमे केली, अर्थात पान नीट पाहून! त्यांतली चार जगली. पहिल्या उन्हाळ्यात ओंजळभर कळ्या निघाल्या, आणि आईने त्यांचा गजरा केला. पुढच्या पावसाळ्यात तुम्हीही एखादे कलम करून पाहा. मात्र फांदी कापण्याआधी तिला चार प्रश्न विचारायला विसरू नका.